प्लेगचे क्रूस आणि बरे झालेल्यांचे ऋण

साष्टीतील जुन्या गावठाणांतून आणि पाखाड्यांतून फिरणाऱ्या माणसाला रस्त्याच्या वळणावर, विहिरीपाशी, किंवा दोन घरांमधल्या अंगणात दगडी क्रूस भेटतात. चौथऱ्यावर उभे असलेले, वर्षाकाठी एकदा रंगविलेले, पुढ्यात दिवा आणि गळ्यात फुलांची माळ. यांतील काही क्रूस पोर्तुगीज अमदानीतील आहेत, काही एखाद्या कुटुंबाने नवस फेडण्यासाठी उभारलेले आहेत, तर काही गावाची वेस सांगणारे आहेत. परंतु त्यांतील एक मोठा गट १८९६ नंतरच्या दहा-बारा वर्षांतला आहे. वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांत असे क्रूस पावलोपावली दिसतात. म्हातारी माणसे त्यांना आजही ‘प्लेगचे क्रूस’ म्हणतात.

आज वांद्रे म्हटले की आपल्याला मुंबई आठवते. पण ज्या काळात हे क्रूस उभे राहिले त्या काळात वांद्र्यासह सारी साष्टी ठाणे जिल्ह्यातच मोडत होती. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० साली. आणि वसईचा भाग तर २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत ठाण्याच्याच पोटात होता. तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आजच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे क्रूस परक्या गावचे समजू नयेत. ते आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाचे दगडी कागद आहेत.

या कागदांवर काय लिहिले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. वरवर पाहता उत्तर सोपे आहे: लोक साथीतून वाचले, त्यांनी देवाचे आभार मानले. पण आजाऱ्यांच्या उशाशी ज्यांना वारंवार बसावे लागते त्या आम्हां धर्मगुरूंना एक प्रश्न सतत भेटतो. मरणाच्या दारातून परतलेला माणूस म्हणतो, “फादर, देवाने वाचवले.” ते खरेच आहे. मग ज्यांनी रात्री जागविल्या, अंथरुणे धुतली, रक्त दिले, मुलांना जेवू घातले, त्यांचे काय? त्यांचे आभार हा निव्वळ शिष्टाचार आहे, की देवाच्या आभाराचाच तो एक भाग आहे? प्लेगच्या क्रूसांचा इतिहास नीट वाचला तर या प्रश्नाला उत्तर मिळते, असे आम्हांस वाटते.

गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका विचित्र तापाचे रोगी आढळू लागले. जांघेत किंवा काखेत गाठ येई, ताप चढे, भ्रम होई आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान प्रथम करणारे डॉक्टर एक कॅथलिक होते: गोव्यातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. प्लेग हा शब्द उच्चारणे म्हणजे बंदराच्या व्यापारावर घाव घालणे होते. त्यामुळे हे निदान सर्वांना रुचले असे नाही. पण ते खरे ठरले. पुढे हेच डॉ. व्हिएगस मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे.

रोगाचा जंतू दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसँ यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे अजून उलगडले नव्हते. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ साली दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत आपल्या आजोबा-पणजोबांपुढे असा शत्रू होता की ज्याची वाट कोणालाच ठाऊक नव्हती. हवा, पाणी, घाण, कपडे, माणसाचा स्पर्श, साऱ्यांवर संशय घेतला जात होता. आणि स्पर्शावर संशय आला की शुश्रूषा करणारा हातच आधी मागे सरतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मुंबईतून लाखो माणसे पळाली. पळण्याची वाट म्हणजे रेल्वे. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आलेली गाडी आता रोगाची वाहक ठरली. कसारा आणि कर्जत या दोन्ही मार्गांचा फाटा कल्याणला फुटतो. त्यामुळे दख्खनकडे जाणाऱ्या प्रत्येकाला कल्याण ओलांडावे लागे. तेथे उतारूंची वैद्यकीय तपासणी होई, संशयित रोग्यास गाडीतून उतरवून घेतले जाई आणि सोबतच्या माणसांची ताटातूट होई. आज ज्या फलाटांवरून आपली मुलेबाळे रोज सकाळी मुंबईला नोकरीसाठी जातात, त्याच स्थानकावर एके काळी तापलेल्या कपाळावरून माणसाचे भवितव्य ठरत होते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांची झडती, सक्तीने इस्पितळात नेणे, सामान जाळणे, घरे रिकामी करून रहिवाशांना छावण्यांत ठेवणे, हे सारे या कायद्याच्या आधाराने झाले. उपायांमागचा हेतू जीव वाचविण्याचा होता. पण ते ज्या रीतीने अमलात आले त्यामुळे लोक रोग्याला लपवू लागले. लपविलेल्या रोग्याला डॉक्टर मिळत नसे आणि शेजारीही मिळत नसे. गाठीच्या तापाइतकीच भीतीची गाठ वाईट होती.

बरे होणे म्हणजे काय होते

प्लेगवर तेव्हा औषध नव्हते. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण लस ही रोग होण्यापूर्वीची गोष्ट. एकदा रोग झाला की उपाय संपले. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे यायला अजून अर्धे शतक जायचे होते. गाठीच्या प्लेगचे रोगी उपचाराविना सोडले तर त्यांतील निम्मेअधिक दगावू शकतात. उरलेले वाचतात. हे जे उरलेले, त्यांचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही.

ते कसे वाचले असतील? त्यांच्या शरीराने झुंज दिली, हे एक. पण अशक्त झालेल्या, तहानेने व्याकूळ झालेल्या रोग्याच्या ओठांना वेळोवेळी पाणी लावावे लागते. पेज भरवावी लागते. भ्रमात उठून पळणाऱ्याला आवरावे लागते. फुटलेली गाठ धुवावी लागते. ताप उतरल्यावरही कित्येक आठवडे त्याला काम जमत नाही. तोवर घरात चूल पेटती ठेवावी लागते. यांतील एकही गोष्ट रोगी स्वतः करू शकत नाही. औषध नसलेल्या काळात रोग्याचे औषध माणूसच होता. हे काम घरच्यांनी केले, शेजाऱ्यांनी केले, इस्पितळांत धर्मभगिनींनी आणि परिचारिकांनी केले. आणि ते करताना त्यांतील कित्येक जण स्वतः त्या रोगाचे भक्ष्य झाले.

या सेवेला धर्माची कुंपणे नव्हती. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोहोचविले, असे सांगतात. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वाचलेल्या मुलाने पुढे आभार कोणाचे मानले असतील, याचा विचार आम्ही अनेकदा करतो. ज्या जिवाची किंमत दुसऱ्या जिवाने मोजली आहे, तो जीव नंतर कसा जगावा? हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या ओळखीचा आहे. कारण क्रूसाखाली उभे राहणारा प्रत्येक जण त्या मुलाच्याच जागी उभा असतो.

वाडीने उभारलेला क्रूस

अशा पार्श्वभूमीवर क्रूस उभे राहिले. ते का उभे राहिले याची कथा ठिकठिकाणी थोड्याफार फरकाने सारखीच आहे. साथ गावाच्या वेशीशी आली. लोकांनी एकत्र येऊन जपमाळ केली, संत सेबास्टियन आणि संत रोक यांचा धावा केला, नवस बोलला. साथ ओसरली. मग क्रूस उभा राहिला. गिरगावातील खोताच्या वाडीतला १८९९ सालचा क्रूस वाडीकरांनी साथीतून बचावल्याच्या कृतज्ञतेने उभारला, ही आठवण तेथे आजही सांगितली जाते.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पूर्वीच्या अनेक क्रूसांमागे एक कुटुंब होते, एक नवस होता. प्लेगचा क्रूस मात्र बहुधा वाडीचा असतो, पाखाडीचा असतो. त्याची जागा चर्चच्या आवारात नसून जेथे शेजारी एकमेकांना रोज भेटतात त्या चव्हाट्यावर असते. त्याची देखभाल पाळीपाळीने होते. मे महिन्यात त्याच्यापुढे लितानी होते, सारी वाडी जमते, आणि प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे वाटले जातात. त्या चण्यांत श्रीमंत-गरीब असा भेद नसतो. द्रोण सर्वांचा सारखाच. भीतीने ज्या शेजाऱ्यांना एकमेकांपासून तोडले होते, त्यांनी एकाच परातीतले खाणे, हाच त्या साथीवरचा विजय होता. क्रूस देवाचे आभार मानत होता आणि क्रूसापुढची पंगत एकमेकांचे.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शेजारच्या वाडीत माणसे मेली आणि आपल्या वाडीत वाचली, म्हणून आपण क्रूस उभारला. तर मेलेल्यांवर देवाची कृपा नव्हती काय? ज्या आईचे मूल गेले तिने त्या क्रूसापुढे काय म्हणावे? ही शंका टाळून मानलेले आभार हे आभार नसून बढाई असते. आमच्या मते याचे उत्तर त्या दगडाच्या आकारातच आहे. वाडीकरांना वाचल्याची खूण म्हणून विजयस्तंभ उभारता आला असता. त्यांनी उभारला तो क्रूस. म्हणजे जो वाचला नाही त्याची खूण. ज्याला त्याच्या पित्याने मरणापासून चुकविले नाही, त्या पुत्राच्या चरणी वाचलेल्यांनी आपले आभार वाहिले. त्यामुळे त्या क्रूसापुढे मूल गमावलेली आई आणि मूल परत मिळालेली आई या दोघींनाही उभे राहण्यास जागा आहे. कृतज्ञता म्हणजे आपल्या पुण्याईचा हिशेब नव्हे. जे मिळाले ते हक्काने मिळाले नव्हते, एवढीच तिची कबुली असते.

परंपरेची मुळे

ही दृष्टी आपल्या पूर्वजांना कोठून मिळाली? अर्थातच शुभवर्तमानातून आणि ख्रिस्तसभेच्या दीर्घ अनुभवातून.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण सारे जाणतो. प्रभू त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखविण्यास सांगतो. असे का? कारण मोशेच्या नियमानुसार बरे झालेल्याला पुन्हा समाजात घेण्याचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे रोग जाणे ही अर्धी सुधारणा; गावाने पुन्हा दार उघडणे ही उरलेली अर्धी. दहांपैकी एकटा शोमरोनी परत येऊन आभार मानतो, आणि मूळ ग्रीक शास्त्रपाठात त्यासाठी जो शब्द आला आहे त्याच शब्दापासून ‘युखरिस्त’ हे आपल्या मिस्साबलीचे नाव सिद्ध झाले आहे. आजारातून उठलेला माणूस पहिल्या रविवारी मिस्सेला येतो तेव्हा तो त्या शोमरोन्याच्या पावलावर पाऊल ठेवीत असतो.

मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची कथाही तशीच. त्याला चौघे जण खाटेवर उचलून आणतात, छप्पर उसकटून आत सोडतात. आणि प्रभू पाहतो तो त्या आणणाऱ्यांचा विश्वास. रोग्याच्या तोंडी तेथे एकही शब्द नाही. आपल्या बरे होण्यात दुसऱ्यांच्या श्रद्धेचा किती वाटा असतो, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात एपफ्रदीत नावाच्या बांधवाचा उल्लेख येतो. फिलिप्पैच्या मंडळीने बंदिवान पौलाच्या मदतीसाठी त्याला धाडले. तेथे तो आजारी पडून मरणाच्या टोकाला पोहोचला. मंडळीला त्याची काळजी लागली, आणि मंडळी काळजीत आहे हे कळून तो आजारी माणूसच कासावीस झाला. देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावरच नव्हे तर आपल्यावरही केली, असे पौल लिहितो. एका माणसाचे बरे होणे ही तिघांवरची दया ठरते: रोग्यावर, त्याच्या मित्रावर आणि त्याच्या मंडळीवर. त्याने जीव धोक्यात घातला, हे सांगण्यासाठी पौलाने पणाला लावणे या अर्थाचा शब्द वापरला आहे. आणि त्याच कुळातील नावाने, ‘पाराबोलानी’ म्हणून, पुढे अलेक्झांड्रियातील रुग्णसेवकांचा वर्ग ओळखला जाऊ लागला. पाचव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या काही शेकड्यांत होती.

त्याच अलेक्झांड्रियात सुमारे २६० साली मोठी साथ आली होती. तेथील बिशप संत डायोनिसियस यांनी लिहून ठेवले आहे की धर्मगुरू, उपदीक्षित आणि सामान्य भाविक रोग्यांच्या सेवेत राहिले आणि कित्येक जण त्यांना बरे करून स्वतः गेले. चौदाव्या शतकातील संत रोक यांची कथा आपल्याकडील वृद्धांना तोंडपाठ असते. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता ते स्वतः रोगी झाले, रानात एकटे पडले, आणि एक कुत्रा रोज भाकरी आणून देऊ लागला. ज्याने शेकडोंना आधार दिला त्याला स्वतः आधार घेण्याची वेळ आली, आणि त्याने तो एका मुक्या जनावराकडून घेतला. सेवा करण्यापेक्षा सेवा करून घेणे कठीण असते. संत रोक त्या परीक्षेतही उतरले.

पुढे ही सेवा संघटित झाली. १४९८ मध्ये पोर्तुगालच्या राणी लिओनोर यांच्या आश्रयाने लिस्बन येथे मिझेरिकॉर्दिया हा दयाकार्याचा बंधुसंघ सुरू झाला. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला आणि वसईतही आला. आजाऱ्यांची भेट, भुकेल्यांना अन्न, निराधारांचे दफन, ही त्याची कामे. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आल्यावर येथील परदेशी मठ-मंदिरांची जुनी व्यवस्था मोडली. परंतु दयाकार्याची सवय मोडली नाही. ती वाडीच्या, पाखाडीच्या अंगवळणी पडून राहिली. प्लेगच्या काळात तीच कामास आली, असे आम्ही मानतो.

भीती मागे उरते तेव्हा

साथ जाते, पण भीती मागे उरते. कुष्ठरोगाचा इतिहास याची साक्ष आहे. १८९८ मध्ये, म्हणजे प्लेगच्याच धामधुमीत, इंग्रज सरकारने कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा केला. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यावर हा रोग पूर्ण बरा होऊ लागला; तरी तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातूनही कुष्ठरोग हे कारण वगळले गेले ते २०१९ मध्ये. औषधाने माणूस बरा केला, पण कायद्याने आणि समाजाने त्याला कित्येक वर्षे रोगीच ठेवले. दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे पाठविण्यामागचे मर्म येथे उमगते.

कल्याणच्या पत्रीपुलाजवळ कुष्ठरोगमुक्तांची वसाहत आहे. तेथील रहिवाशांसाठी डोंबिवलीचे निवृत्त नौसैनिक गजानन माने यांनी केलेल्या सेवेची दखल घेऊन २०२३ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. हे कार्य आपल्या उंबऱ्याशी झाले आहे. त्यात आपला वाटा किती, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावा.

ख्रिस्तसभेनेही आजाऱ्याविषयीची आपली रीत काळानुरूप उजळली. एके काळी धर्मगुरू तेल घेऊन घरात शिरला की शेजारी समजून जात: सारे संपले. त्या संस्काराला आपण ‘अंत्याभ्यंग’च म्हणत होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरील दस्तऐवजात सांगितले की हा केवळ मरणाच्या घटकेचा संस्कार नसून त्याला रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक योग्य होय. आणि १९७२ मध्ये पोप सहावे पौल यांनी त्याचा नवा विधी मंजूर केला. याकोबाच्या पत्रातील मूळ कल्पनाही हीच आहे: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे. म्हणजे मंडळीने जायचे आहे आणि आजाऱ्याने बोलवायचे आहे. दोन्ही बाजूंनी पाऊल पुढे पडले पाहिजे. पुढे १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी, लुर्द्स मातेचा सण, हा जागतिक रुग्णदिन म्हणून ठरविला आणि १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला. कल्याणचे चर्च लुर्द्स मातेच्याच नावाचे आहे. तेव्हा या भागातील भाविकांना तो दिवस दुहेरी आपला आहे.

आपल्या काळातील साथ

मार्च २०२० मध्ये इतिहासातील हे सारे शब्द पुन्हा आपल्या तोंडी आले: साथ, विलगीकरण, तपासणी, छावणी. १८९७ चा तोच साथरोग कायदा पुन्हा वापरात आला. कल्याणची गाडी थांबली. चर्चची दारे बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसाने भिजलेल्या, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात प्रार्थना केली तेव्हा त्यांच्या शेजारी संत मार्सेलो चर्चमधील जुना क्रूस होता. १५२२ च्या प्लेगात रोमच्या लोकांनी हाच क्रूस रस्तोरस्ती फिरविला होता. रोमचा तो लाकडी क्रूस आणि वांद्र्याचे दगडी क्रूस यांचे नाते त्या संध्याकाळी आपल्या लक्षात आले असेल.

त्या दोन वर्षांत आपण दोन्ही प्रकारची माणसे पाहिली. इस्पितळातून बरे होऊन आलेल्याला इमारतीत शिरू न देणारेही पाहिले, आणि दाराशी डबा ठेवून घंटा वाजवून मागे सरणारेही पाहिले. फोनवरून रोज संध्याकाळी आजाऱ्यासोबत जपमाळ करणारी माणसे पाहिली. ती शेजारीण बहुधा दुसऱ्या धर्माची असे, दुसरी भाषा बोलणारी असे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे आजचे धर्मग्राम ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळूरकर, तमिळ, मल्याळी अशा अनेक घरांचे मिळून झालेले आहेत. आणि पाखाडीची जागा आता सातव्या मजल्यावरच्या सदनिकेने घेतली आहे. तेथे चव्हाटा नाही, विहीर नाही, क्रूस नाही. म्हणून मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून रुजविलेल्या लघु ख्रिस्ती समूहांचे मोल आम्ही फार मानतो. पाखाडीचे काम आता त्या समूहाला करायचे आहे.

परंतु आभाराचे काय? आमच्या अनुभवाप्रमाणे आपल्याकडील माणसाला मदत घेणे जड जाते. “कोणाचे उपकार नकोत” असे आपण अभिमानाने म्हणतो. आजारातून उठला की तो घाईघाईने परतफेड करू पाहतो. कोणाला मिठाईचा पुडा, कोणाला पैशाचे पाकीट. त्यामागे चांगुलपणा असतो, पण कधी कधी ऋणातून लवकर सुटण्याची धडपडही असते. ख्रिस्ती कृतज्ञता वेगळी आहे. ती ऋण फेडून टाकीत नाही. ती ऋणात आनंदाने राहते. पौलाने एपफ्रदीताच्या सेवेचे मोल चुकते केले नाही. अशा माणसांचा मान राखा, असे त्याने मंडळीला सांगितले. ज्या रात्री कोणी आपल्यासाठी जागले ती रात्र परत देता येत नाही. ती पुढच्या आजाऱ्याकडे पोहोचवता मात्र येते. वाचलेल्यांनी क्रूसापुढे चणे वाटले ते ज्यांनी शुश्रूषा केली त्यांनाच नव्हेत. येणाऱ्या प्रत्येकाला वाटले.

तेव्हा वाचकांपुढे काही साध्या गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. आपल्या घरातील, वाडीतील वृद्धांना साथीच्या आठवणी विचारून त्या लिहून ठेवाव्यात. कोण वाचले हे जसे लिहाल तसेच कोणी वाचविले हेही लिहावे. मे महिन्यात क्रूसापुढे लितानी होईल तेव्हा मृतांच्या नावांबरोबर शुश्रूषा करणाऱ्यांची नावेही घ्यावीत, मग ती कोणत्याही धर्माची असोत. जेथे जुना क्रूस आहे तेथे मुलांना नेऊन त्याचे साल वाचून दाखवावे. आणि आपल्यापैकी जो कोणी आजारातून उठला असेल त्याने, शक्ती येताच, आपल्या समूहातील एका तरी आजाऱ्याच्या दारी जावे. त्याला धीर देण्याचा अधिकार बरे झालेल्याइतका दुसऱ्या कोणाचा नाही.

आपल्या पूर्वजांकडे पैसा थोडा होता, औषध तर नव्हतेच. तरी साथ ओसरल्यावर त्यांनी वर्गणी काढून दगड आणला आणि तो अशा जागी रोवला की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसावा. शंभराहून अधिक पावसाळे त्याने सोसले आहेत. त्या दगडाने जे सांभाळले ते आता हातांनी सांभाळायचे आहे.